मुदतीची चाकरी आणि जन्माची गुलामी

अमेरिकेतल्या मेरीलँड या इंग्रज वसाहतीत चाकरी करणाऱ्या एलिझाबेथ स्प्रिग्जने २२ सप्टेंबर १७५६ रोजी लंडनला आपल्या वडिलांना पत्र लिहिलं. रात्रंदिवस राबावं लागतं, बारीकसारीक कारणावरून बांधून फटके मारतात, खायला मका आणि मीठ, आणि तेही देताना मालकाच्या जिवावर येतं. पायात काही नाही, अंगावर धड कपडा नाही, रात्री घोंगडी गुंडाळून जमिनीवरच पडायचं. या रडगाण्यात मध्येच एक वाक्य येतं: इथल्या कितीतरी काळ्या लोकांना माझ्यापेक्षा बरं वागवतात.

असली वाक्यं वेचून आज समाजमाध्यमांवर एक दावा फिरतो की अमेरिकेत गोरेही, त्यातही आयरिश लोक, गुलाम होते, तेव्हा काळ्यांनी आपल्या गुलामीचं एवढं काय घेऊन बसावं. याच्या अगदी उलट टोकाची एक गोडगोड गोष्टही प्रचारात आहे: गरीब इंग्रज पोरं करार करून अमेरिकेला गेली, चार वर्षं मेहनत केली, मग जमीन घेऊन सुखाने नांदली. दोन्ही खोट्या आहेत. करारबद्ध चाकराचे हाल गुलामाच्या हालांच्या तोडीचे असू शकत होते, सुरुवातीच्या काळात तर फरक सांगणंही अवघड होतं. पण हाल किती झाले यावरून या दोन गोष्टी वेगळ्या ओळखताच येत नाहीत. त्यासाठी कोर्टाची दफ्तरं आणि कायद्याची कलमं उघडावी लागतात.

कागद कुणाच्या हातात

सतराव्या शतकात इंग्लंडहून व्हर्जिनियाला जाण्याचं भाडं साधारण सहा पौंड होतं. शेतमजुराला ते एकरकमी भरणं शक्यच नव्हतं. मग तो जहाजवाल्याशी किंवा दलालाशी करार करी: तुम्ही मला पलीकडे न्या, खायला-ल्यायला द्या, त्या बदल्यात मी चार ते सात वर्षं सांगाल ते काम करीन. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडत राहतो, तिथलाच हा व्यवहार समजा. फरक इतकाच की इथे उचल म्हणजे समुद्रप्रवास होता आणि फेडीचा हंगाम संपायला वर्षं लागत. वयाने लहान असलेल्यांची मुदत आणखी लांब असे. करार न करताच आलेल्यांची मुदत वसाहतीच्या रिवाजाप्रमाणे ठरे, आणि तो रिवाज मालकांनी मालकांसाठी घातलेला होता.

या कराराची मेख अशी की तो विकता येत असे. जहाज किनाऱ्याला लागलं की कप्तान डेकवरच कागद विकी, आणि कागदासोबत माणूस जाई. पुढे मालक तोच कागद दुसऱ्याला विकू शके, कर्जापोटी देऊ शके, मृत्युपत्रात लिहून ठेवू शके. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात जर्मन कुटुंबं भाडं उधार ठेवून येत आणि फिलाडेल्फियाच्या बंदरात पोहोचल्यावर ते फेडणारा मालक शोधत. १७५० साली हा प्रवास केलेल्या गॉटलीब मिटेलबर्गरने लिहून ठेवलं आहे की अर्ध्याहून जास्त समुद्र ओलांडल्यावर नवरा किंवा बायको वाटेत मेली, तर मागे राहिलेल्याला मेलेल्याचंही भाडं चाकरी करून फेडावं लागे. आई-बाप एकीकडे आणि मुलं दुसरीकडे विकली जाणं तर नेहमीचंच होतं.

मालकाला यात दुहेरी फायदा होता. १६१८ पासून वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने नियम केला की वसाहतीत आणलेल्या दर माणसामागे ५० एकर जमीन मिळेल, आणि ती त्याचं भाडं भरणाऱ्याला मिळेल. म्हणजे सहा पौंडांत मजूरही आला आणि त्याला राबवायला रानही आलं. दहा चाकर आणणारा पाचशे एकरांचा धनी झाला. चाकराच्या नावावर मात्र काही चढत नसे.

आता गुलामाकडे पाहा. त्याच्याशी कुणी करार केलेला नव्हता, कारण करार दोन माणसांत होतो आणि इथे तो स्वतःच विक्रीचा माल होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चारशे वर्षांत अंदाजे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली आणि त्यातली अठरा-एकोणीस लाख वाटेतच मेली. ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसं उतरली. ती मूळची अंगोलाकडची, एका पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अन्नधान्याच्या बदल्यात घेतलं.

तंबाखूच्या रानात

पहिल्या काही दशकांत हे दोघं एकाच रानात होते. काम एकच: जंगल तोडायचं, ढेकळं फोडून तंबाखूचे उंचवटे करायचे, रोपं लावायची, अळ्या वेचायच्या, शेंडे खुडायचे, पानं वाळवून पिंपांत दाबायची. दलदलीचा भाग, हिवताप, हगवण आणि विषमज्वर. पहिलाच उन्हाळा काढणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं, आणि पुष्कळजण ती हरत. १६०७ पासून हजारो माणसं व्हर्जिनियात उतरली होती, पण १६२४-२५ च्या शिरगणतीत जेमतेम बाराशे जिवंत सापडली. यात रोगराई होती, उपासमार होती आणि १६२२ च्या मार्चमध्ये तिथल्या मूळ रहिवासी पौहॅटन लोकांनी केलेला हल्लाही होता. त्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले. पौहॅटन लोकांच्याच जमिनीवर हा सगळा उद्योग चालला होता, हेही सोबत लक्षात ठेवायला हवं.

त्या हल्ल्यानंतरच्या वर्षी, १६२३ च्या वसंतात, मार्टिन्स हंड्रेड वस्तीवरून रिचर्ड फ्रेथॉर्न नावाच्या मुलाने घरी लिहिलेलं पत्र वाचवत नाही. जहाजातून उतरल्यापासून वाटाणे आणि पाणचट लापशी याखेरीज काही पोटात गेलेलं नाही. पांघरायचा झगा सोबत्यानेच चोरून विकला. तो आई-बापांना विनवतो की माझं देणं फेडून मला सोडवा, आणि ते जमत नसेल तर निदान काही खायला तरी पाठवा. त्याच वर्षी टॉमस बेस्ट नावाच्या दुसऱ्या चाकराने लिहिलं की मालकाने मला एखाद्या गुलामासारखं विकून टाकलं. लक्षात घ्या, बेस्टला हा अपमान वाटतो. इंग्रज माणसाला विकतात हे त्याला अघटित वाटतं.

चाकराचे हाल गुलामापेक्षा जास्त होण्यामागे एक थंड हिशोबही होता. १६४७ ते १६५० च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर राहिलेल्या रिचर्ड लिगॉनने तो उघडच मांडला आहे: गुलाम आणि त्यांची पोरंबाळं कायमची मालकाची असतात, म्हणून त्यांना जास्त जपतात. चाकर पाच वर्षांपुरतेच असतात, म्हणून त्यांच्याकडून होईल तितकं काढून घेतात. स्प्रिग्जचं ते वाक्य याच हिशोबातून आलं आहे. मला वाटतं लोक हे वाचतात आणि नेमकं उलटं अनुमान काढतात. चाकर जास्त पिळला जातो तो त्याची सुटका ठरलेली आहे म्हणून. गुलामाला ‘जपतात’ ते त्याला सुटकाच नाही म्हणून. शिवाय ही जपणूकही लिगॉनच्या कागदावरचीच. बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांत गुलाम इतक्या झपाट्याने मरत की मळेवाल्यांना सतत नवे आणावे लागत.

सुटकेची ती तारीख पुढे ढकलणं हा मालकांचा आवडता उद्योग होता. व्हर्जिनियाच्या १६४३ च्या कायद्याप्रमाणे पळालेला चाकर सापडला की जितके दिवस गायब, त्याच्या दुप्पट दिवस जादा चाकरी. पुन्हा पळाला तर गालावर इंग्रजी ‘आर’ अक्षराचा डाग. मालकाच्या परवानगीशिवाय लग्न केलं तर जादा चाकरी. बाई लग्नाविना गरोदर राहिली तर कामाचे दिवस बुडाले म्हणून दोन वर्षं जादा. इथे एक किळसवाणी अडचण निर्माण झाली: मूल मालकाचंच असेल तर? तिची मुदत वाढवली तर मालकालाच बक्षीस मिळणार, आणि सोडून दिली तर म्हणे सगळ्याच चाकरणी मालकावर आळ घेतील. १६६२ साली व्हर्जिनियाच्या कायदे करणाऱ्या सभेने तोडगा काढला. अशा बाईची मूळ मुदत संपल्यावर चर्चच्या पंचांनी तिला आणखी दोन वर्षांसाठी दुसऱ्याला विकायचं आणि येणारी तंबाखू चर्चच्या कामी लावायची. मालकाला काय शिक्षा, ते शोधत बसू नका.

तिघं पळाले, एक अडकला

१६४० साली ह्यू ग्विन नावाच्या मळेवाल्याकडून तीन चाकर पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. एक व्हिक्टर नावाचा डच, दुसरा जेम्स ग्रेगरी हा स्कॉट, तिसरा जॉन पंच, काळा. तिघांनाही तीस-तीस फटके. मग न्यायालयाने व्हिक्टर आणि ग्रेगरी यांची मुदत वाढवली: एक वर्ष मालकाकडे आणि तीन वर्षं वसाहतीकडे. पंचला शिक्षा झाली ती उरलेल्या आयुष्याची चाकरी.

गुन्हा एक, फटके सारखे, निकाल दोन. तेव्हा व्हर्जिनियात गुलामीचा कायदाच नव्हता. न्यायाधीशांनी तो जणू निकालातून घडवायला सुरुवात केली.

तरीही ही रेघ अजून पक्की नव्हती. १६२१ मध्ये ‘अंतोनियो, एक निग्रो’ अशी नोंद होऊन आलेला माणूस पुढे मोकळा झाला, अँथनी जॉन्सन म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १६५१ मध्ये त्याला पाच माणसांमागे अडीचशे एकर जमीन मिळाली. म्हणजे आणलेल्या माणसामागे जमीन हा नियम काळ्या माणसालाही लागू झाला. १६५५ मध्ये त्याच्याकडचा जॉन कॅसर म्हणू लागला की मी करारी चाकर आहे, माझी मुदत केव्हाच संपली. जॉन्सन म्हणाला, हा माझा जन्माचा माणूस. न्यायालयाने जॉन्सनचं ऐकलं. हा दाखला देऊन ‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक काळा होता’ असा मजकूर फिरवणारे महाभाग आहेत. पंचचा निकाल त्याच्या पंधरा वर्षं आधीचा आहे, हे ते सांगत नाहीत. आणि जॉन्सन १६७० मध्ये वारल्यावर व्हर्जिनियातल्या ज्यूरीने काय ठरवलं तेही सांगत नाहीत: तो काळा होता, म्हणून परका होता, म्हणून त्याची तिथली जमीन राजाकडे जमा.

कॅसरच्या निकालाच्याच सुमारास एलिझाबेथ की (Key) या तरुणीने कोर्टात दावा लावला. आई गुलाम आफ्रिकी, बाप टॉमस की हा इंग्रज. बापाने तिला ठरावीक वर्षांसाठी चाकरीला ठेवलं होतं, पण मुदत उलटून कितीतरी काळ गेला तरी सुटका होईना, आणि मालक मेल्यावर तिची गणती मिळकतीतल्या काळ्यांत झाली. तिचं म्हणणं सरळ होतं: इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाचा दर्जा घेतं, माझा बाप मोकळा इंग्रज, मी बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती, शिवाय माझी मुदत संपली आहे. १६५६ मध्ये ती जिंकली आणि आपला खटला लढवणाऱ्या विल्यम ग्रिन्स्टेडशी तिने लग्न केलं.

सभेने यातून धडा घेतला. तिने जिंकलेली एकेक वाट बुजवण्यात आली. १६६२ चा कायदा: मूल मोकळं की बांधलेलं हे आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्रजी रिवाज उलटा केला गेला. यामुळे गुलाम बाईवर हात टाकणाऱ्या मालकाला पापाची शिक्षा राहिली बाजूला, मिळकतीत वाढ मिळू लागली. १६६७ चा कायदा: बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. १६६९ चा कायदा: शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर खुनाचा गुन्हा नाही, कारण स्वतःची मिळकत कोण मुद्दाम नष्ट करील?

माझ्या मते यांतलं सगळ्यात बोलकं कलम १६६१ चं आहे. काळ्यांसोबत पळालेल्या इंग्रज चाकराने आपल्या दिवसांसोबत त्या काळ्यांनी बुडवलेल्या दिवसांचीही भरपाई चाकरीतून करून द्यावी, कारण मुदत वाढवून ते स्वतः भरपाई करू शकत नाहीत. हे कलम लिहिणाऱ्याने फरक सांगायला म्हणून काही लिहिलेलं नाही. त्याला फक्त मालकाचे दिवस वसूल करायचे होते. पण त्यात सगळं आलं. ज्याचा सबंध जन्मच गहाण पडला आहे, त्याच्या शिक्षेत वर्षं कुठून वाढवणार?

सुटलेले आणि न सुटलेले

मुदत पुरी करून जगलेल्या चाकराला ‘मुक्तीचं देणं’ मिळे. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने ते नक्की केलं: पुरुषाला दहा बुशेल (धान्याचं एक माप) मका, तीस शिलिंग रोख किंवा तितक्याचा माल, आणि निदान वीस शिलिंगांची बंदूक. बाईला पंधरा बुशेल मका आणि चाळीस शिलिंग. जमीन नाही. नदीकाठची चांगली रानं मोठ्या मळेवाल्यांनी कधीच गिळली होती. सुटलेला चाकर सीमेवर, मूळ रहिवाशांच्या तोंडाशी जाऊन बसे किंवा पुन्हा कुणाच्या तरी रानात मजुरी करी. १६७० मध्ये अशा भूमिहीनांचा मतदानाचा हक्कही काढून घेण्यात आला.

१६७६ मध्ये याचा भडका उडाला. नथॅनियल बेकन हा स्वतः श्रीमंत मळेवाला, आणि त्याचा पहिला राग मूळ रहिवाशांवर होता, त्यामुळे त्याला गरिबांचा कैवारी करण्यात अर्थ नाही. पण गव्हर्नर विल्यम बर्कलीविरुद्ध तो उठला तेव्हा चाकर आणि गुलाम दोघंही त्याच्या मागे गेले आणि सप्टेंबरमध्ये जेम्सटाउन जाळलं गेलं. बेकन हगवणीने मेला. त्यानंतर कॅप्टन टॉमस ग्रँथमला एका ठाण्यावर चारशे हत्यारबंद इंग्रज आणि काळे एकत्र सापडले. सुटकेच्या थापा मारून त्याने बहुतेकांना घरी पाठवलं. शेवटपर्यंत शस्त्रं खाली न ठेवणारे उरले ते ऐंशी काळे आणि वीस इंग्रज.

यानंतर मळ्यांवर चाकर कमी आणि गुलाम जास्त दिसू लागले. मालकांनी ही एकी फोडायला ते केलं, असं काहीजण म्हणतात. दुसरे सांगतात की इंग्लंडमध्ये मजुरी वाढली, येणारे घटले, आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी १६९८ मध्ये उठल्यावर गुलामांचा पुरवठा वाढला. बाजाराचं कारण मला जास्त पटतं, पण कायदे बाजाराने लिहिले नव्हते. १६९१ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी आली आणि गुलाम मोकळा केलाच तर त्याला सहा महिन्यांत वसाहतीबाहेर पाठवणं मालकाला बंधनकारक झालं. १७०५ च्या ज्या कायद्याने चाकराला मका आणि बंदूक दिली, त्यानेच असंही घातलं की ख्रिस्ती गोऱ्या चाकराला न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय उघडं करून फटके मारायचे नाहीत, आणि त्याला मालकाविरुद्ध तक्रार घेऊन न्यायाधीशाकडे जाता येईल. गुलाम मात्र शिक्षा होताना मेला, तर ते जणू घडलंच नाही असं धरायचं.

आयरिश लोकांचं काय?

बळजबरी झाली हे खरंच आहे. इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याच्या आयर्लंडवरच्या स्वारीनंतर हजारो आयरिश लोकांना उचलून बार्बाडोसला पाठवलं गेलं. लंडन-ब्रिस्टलच्या गल्ल्यांतून पोरं पळवणारे दलाल होते. १७१८ च्या कायद्यानंतर इंग्लंडने पन्नासेक हजार कैदी सात किंवा चौदा वर्षांसाठी अमेरिकेला धाडले. या कुणालाही विचारलेलं नव्हतं. म्हणून ‘त्यांनी आपखुशीने करार केला होता’ हा मुद्दा इथे टिकत नाही, आणि फरक दाखवायला त्याची गरजही नाही. जबरीने नेलेल्या आयरिश माणसाचीही मुदत होती, आणि त्याचं मूल गुलाम म्हणून जन्माला येत नव्हतं. बार्बाडोसच्या सभेने १६६१ मध्ये दोन स्वतंत्र कायदे केले, एक चाकरांसाठी आणि एक काळ्यांसाठी. त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. माँटसेराट बेटावर तर आयरिश मळेवाल्यांनीच गुलाम ठेवले होते.

‘ती गुलामी नव्हती’ म्हणणं म्हणजे माफी देणं नव्हे, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामी उठली आणि मळेवाल्यांनी तोच जुना करार पुन्हा बाहेर काढला. या वेळी पाच वर्षांच्या बोलीवर भारतीयांसाठी. मॉरिशसमधल्या मराठी समाजाचे पूर्वज याच वाटेने गेले, त्यांतले पुष्कळ रत्नागिरीकडचे. त्याच जिल्ह्यात कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ही करारी मजुरीची ‘गिरमिट’ पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा तिला फसवणुकीवर उभी असलेली आणि बळजबरीवर टिकलेली राक्षसी पद्धत म्हटलं. गुलामीपेक्षा ती वेगळी आहे हे त्यांना ठाऊक होतं. सरकारी बहुमताने ठराव पाडला. भरती थांबली ती १९१७ मध्ये.

अमेरिकेत मात्र या दोघांमधली रेघ राज्यघटनेतच कोरली गेली. १७८७ मध्ये कोणत्या राज्याला लोकप्रतिनिधी किती, हे ठरवायला माणसं मोजायची होती. घटनेने गुलाम हा शब्द टाळला, पण मोजणीचा नियम दिला: मोकळी माणसं पूर्ण धरायची, आणि त्यांतच काही वर्षांच्या मुदतीने चाकरीला बांधलेले धरायचे. ‘बाकीच्या सगळ्या व्यक्तीं’चे तीन-पंचमांश. या हिशोबात अनवाणी राहणारी, मक्यावर दिवस काढणारी एलिझाबेथ स्प्रिग्ज एक पूर्ण माणूस ठरली असती. तिच्या मते तिच्याहून बरे दिवस काढणारे ते काळे पाचजण मिळून तीन, आणि या तिनांच्या बळावर संसदेत जास्तीच्या जागा मिळाल्या त्यांच्याच मालकांना.